होळीच्या सुमारास जास्वंद, मोगरा, लिंबू दरवर्षी पिवळे पडतात: सोलापुरातल्या कुंड्यांचं दुखणं आणि इलाज

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकते, थंडी ओसरते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर झाडांना नवी पालवी फुटते. ही पालवी हिरवी होण्याऐवजी फिकट पिवळी, कधीकधी जवळजवळ पांढरी निघते. पानाच्या शिरा मात्र हिरव्या राहतात, त्यामुळे पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी दिसते. घरातले लोक शेणखत घालतात, डीएपीचे दाणे टाकतात, पाणी वाढवतात, आणि झाड आणखी पिवळं पडतं. जुलैत पाऊस लागला की तेच झाड काही न करता हिरवं होतं. पुढच्या होळीला पुन्हा तेच.

हे चक्र तुमच्या गच्चीवर किंवा अंगणात दिसत असेल तर दुखणं बहुतेक लोहाच्या कमतरतेचं आहे. तेही मातीत लोह नाही म्हणून नव्हे. काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. चुना दोन वाटांनी येतो, मातीतून आणि बोअरच्या पाण्यातून. खत घालून हे का सुटत नाही, ते यावरून कळतं.

पिवळेपणा कोणता, हे आधी ठरवा

झाडाजवळ उभं राहून पहिला प्रश्न विचारायचा: पिवळी पानं शेंड्याकडची आहेत की बुडाकडची?

शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, पानांचा आकार साधारण नेहमीएवढाच असेल तर लोह. लोह झाडात एकदा जिथं बसलं तिथून हलत नाही, म्हणून जुनी पानं हिरवीगार आणि नवी उपाशी असं चित्र दिसतं. बुडाची जुनी पानं शिरांसकट सरसकट पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, तिथं शेणखत किंवा गांडूळखत खरंच उपयोगी पडेल. बुडाच्याच पानांवर शिरांच्या मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. लिंबाची नवी पानं बारीक, अरुंद, शेंड्याला गुच्छ झालेली आणि चट्ट्याचट्ट्यांनी पिवळी असतील तर जस्त. सोलापुरात लिंबाला लोह आणि जस्त दोन्ही एकदम कमी पडलेले पुष्कळदा दिसतात, कारण दोघांनाही अडवणारा चुनाच असतो.

पानाच्या कडा करपून तपकिरी झाल्या असतील तर तो क्षारांचा त्रास आहे. पिवळेपणा आणि करपलेल्या कडा एकाच झाडावर असतील तर पाणी आधी तपासा.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. मार्चच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो आणि पानं फिकट, बारीक ठिपक्यांची होतात. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर ते कोळी आहेत आणि पुढचं बरंचसं तुमच्या झाडाला लागू नाही. सलग तीन-चार दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, नंतर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल लिटरला ३ ते ५ मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून फवारा. गंधकाची पावडर या दिवसांत फवारू नका. पारा ३२-३५ च्या वर असताना गंधकाने पानं भाजतात, आणि निंबोळी तेलानंतर लगेच मारलं तर हमखास भाजतात.

खात्री करण्याची सर्वांत स्वस्त रीत अशी: झाडाची एकच फांदी निवडा, तिला दोरा बांधा आणि फक्त तिच्यावर लोहाचा फवारा मारा (प्रमाण पुढे दिलंय). आठ-दहा दिवसांत त्या फांदीची पानं हिरवी झाली आणि बाकीचं झाड तसंच राहिलं, की निदान पक्कं.

वसंतातच का?

थंडीत झाड वाढत नाही, त्याला लोह फारसं लागत नाही. फेब्रुवारीत एकदम पालवी फुटते आणि मागणी वाढते. त्याच वेळी ऊन चढतं, आपण रोज पाणी घालू लागतो. महापालिकेचं पाणी दररोज येत नाही, म्हणून कुंड्यांना बोअरचं पाणी जातं. पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार कुंडीतच राहतात. बोअरच्या पाण्यातला बायकार्बोनेट (पाण्यात विरघळलेला चुना याच रूपात येतो) मातीचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास किंवा वर नेऊन ठेवतो. सामू साडेसातच्या पुढे गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात बसतं. जून-जुलैचं पाणी आकाशातून येतं, त्यात चुना नसतो. ते कुंडी धुऊन काढतं म्हणून झाड सुधारतं.

पाणी जास्त झालं तरी हेच दुखणं वाढतं, हे अनेकांना पटत नाही. काळी माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, मातीत कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे बायकार्बोनेट आणखी तयार होतो, आणि मुळं लोह ओढण्याचं काम थांबवतात. पिवळं पान बघून पाणी वाढवणं म्हणूनच उलटं पडतं. बोट दोन इंच मातीत घाला. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

पाणी आणि माती घरी तपासणं

पाण्यासाठी पेनसारखा टीडीएस मीटर घ्या. बोअरचं आणि नळाचं पाणी वेगवेगळं मोजा. ५०० पीपीएमच्या आत असेल तर बहुतेक झाडं सांभाळून घेतात. ५०० ते १००० मध्ये निचरा उत्तम हवा. हजाराच्या वर गुलाब आणि जास्वंदीच्या कडा करपतातच. मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, त्यातला बायकार्बोनेट किती ते नाही. त्यासाठी स्वयंपाकघर पुरतं: हेच पाणी उकळल्यावर भांड्याच्या बुडाला पांढरा थर धरत असेल तर बायकार्बोनेट भरपूर आहे.

मातीसाठी कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका. चुरचुरून फेस आला तर मुक्त चुना आहे. फेस डोळ्यांना दिसण्याइतका असेल तर सामू कमी करण्याच्या भानगडीत पडू नका. त्याचा हिशेब पुढे येतोच.

तिसरी तपासणी कुणी करत नाही, आणि खरं तर हीच सर्वांत कामाची आहे. कुंडीला नेहमीसारखं पाणी घाला, खालच्या भोकातून निघालेलं पाणी वाटीत धरा आणि मोजा. वरून ६०० पीपीएमचं पाणी घातलं आणि खालून १२०० किंवा जास्त आलं, तर कुंडीत क्षार साठलेत. खालून काहीच येत नसेल तर भोक बंद आहे किंवा तुम्ही नेहमी इतकं थोडं पाणी घालता की क्षार बाहेर पडायला वावच नाही.

अंगणातल्या जमिनीचा प्रश्न असेल तर माती परीक्षण करून घ्या. मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येईल. सहा इंच खोलीपर्यंतची चार-पाच ठिकाणची माती मिसळून अर्धा किलो न्या. गंजक्या खुरप्याने काढू नका, लोहाचा आकडा चुकतो. सामू, क्षारता, मुक्त चुना आणि उपलब्ध लोह असे चारही तपासायला सांगा. नाहीतर नुसतं नत्र-स्फुरद-पालाश हातात पडतं. उपलब्ध लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता, मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चुनखडीची.

जे घातल्याने चुना वाढतो

अंड्याची टरफलं, चुलीची राख, चुन्याची निवळी आणि हाडांचं खत या सगळ्यांची शिफारस आंबट माती असलेल्या कोकणासारख्या प्रदेशात ठीक आहे. सोलापूरच्या मातीत ती घालणं म्हणजे आजार वाढवणं. डीएपी आणि सुपर फॉस्फेट हात सैल सोडून टाकलं तर स्फुरद लोह आणि जस्त दोन्हीला आणखी अडवतं. जिप्सम हा सोडियमच्या त्रासावरचा उपाय आहे, चुन्यावरचा नाही.

नव्या सिमेंटच्या कुंड्या महिना-दोन महिने चुना सोडत राहतात. लावणीआधी पाण्याने भरून ठेवा आणि ते पाणी तीन-चार वेळा बदला. बांधकामाचं राबिट, प्लॅस्टरचा चुरा ज्या वाफ्यात गेला तिथं अनंत किंवा इक्झोरा लावायचा विचार सोडा. कुंडीच्या भोकावर निचऱ्यासाठी शहाबादी फरशीचा तुकडा ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. शहाबादी म्हणजे चुनखडकच. त्याऐवजी खापराचा तुकडा किंवा काळ्या दगडाची खडी वापरा.

दोन पाणी कुंड्यांपासून लांब ठेवा. एक म्हणजे आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी. वाया जाऊ नये म्हणून ते कुंड्यांना घालतात, पण मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी घट्ट झालेले असतात. ते फरशी पुसायला, शौचालयाला वापरा. दुसरं सॉफ्टनरचं पाणी. सोसायटीच्या टाकीला सॉफ्टनर असेल तर त्यात चुन्याची जागा सोडियमने घेतलेली असते. बायकार्बोनेट तसाच राहतो, वर काळी माती चिकट होऊन घट्ट बसते. सॉफ्टनरच्या आधीच्या नळाला पाइप जोडा.

ताबडतोबीचा उपाय: फवारा आणि मुळाशी लोह

फवाऱ्यासाठी फेरस सल्फेट म्हणजे हिराकस घ्या. ताजा हिराकस फिकट हिरवट असतो. पिवळट-तपकिरी झालेला घेऊ नका, तो बिघडलेला आहे.

१ लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवा. ते मिठाईच्या सामानाच्या दुकानात मिळतं. मग २ ते ३ ग्रॅम हिराकस आणि शेवटी शाम्पूचे दोन-तीन थेंब. क्रम उलटा केला तर बोअरच्या पाण्यात लोह लगेच गंजतं आणि पाणी तांबूस होतं. तसं झालं तर ओतून द्या, फवारून उपयोग नाही. जमल्यास आरओचं प्यायचं पाणी किंवा एसीचं पाणी वापरा. उन्हं कलल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंनी, पाणी ठिबकण्याआधी थांबायचं. आठ-दहा दिवसांनी दुसरा आणि तेवढ्याच अंतराने तिसरा फवारा. जाड पानांच्या लिंबाला ५ ग्रॅमपर्यंत चालतं, कोवळ्या जास्वंदीला नाही. उमललेल्या फुलांवर आणि कळ्यांवर मारू नका. कुंडी शहाबादीवर असेल तर खाली जुनं पोतं टाका: लोहाचे डाग निघत नाहीत आणि लिंबूसत्त्वाने फरशीचा गुळगुळीतपणाही जातो.

फवारलेलं लोह जिथं पडलं तिथंच काम करतं. म्हणून नीट भिजलं नाही तर पानावर नुसते हिरवे ठिपके उठतात. यापुढे फुटणाऱ्या पानांना त्यातून काहीच मिळत नाही. त्यासाठी मुळाशी लोह द्यावं लागतं, आणि इथंच लोक पैसे वाया घालवतात.

कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या द्रव्यात बांधलेलं लोह, मुख्यतः दोन प्रकारचं मिळतं. ईडीटीए प्रकार, १२ टक्के लोहाचा, स्वस्त. साडेसहा-सातच्या सामूपुढे तो मातीत टिकत नाही, आपल्या चुनखडीच्या मातीत दिला तर लोह सुटून लगेच अडकतं. तो फवाऱ्यालाच वापरा, लिटरला अर्धा ते १ ग्रॅम. ईडीडीएचए प्रकार, ६ टक्के लोहाचा, गडद लाल-काळसर दाण्यांचा, महाग. तो ९ च्या सामूपर्यंत टिकतो, म्हणून मुळाशी फक्त हाच द्यायचा. पाकिटावर ऑर्थो-ऑर्थो ४.८ असा आकडा असेल तर तेच घ्या. लोहाचा तेवढा भाग चुनखडीत खरोखर टिकतो. १२ इंची कुंडीला २ ग्रॅम, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी. अंगणातल्या चार-पाच फुटी लिंबाला १५ ते २० ग्रॅम, १० लिटर पाण्यात, खोडापासून फूटभर लांब गोल आळ्यात. वरून थोडं साधं पाणी घालून औषध आत जाऊ द्या, कारण उजेडात ते खराब होतं. उरलेलं पाकीट काळ्या पिशवीत बांधून ठेवा. एकदा फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि एकदा मार्चअखेर, एवढ्यावर उन्हाळा निघतो.

सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण घेताना ग्रेड पाहा. ग्रेड-१ जमिनीत द्यायचं असतं, त्यात लोह २ टक्केच आणि तेही चुन्यात अडकणारं. ग्रेड-२ फवाऱ्याचं, त्यात २.५ टक्के. लोह आणि जस्त दोन्ही कमी असलेल्या लिंबाला ग्रेड-२ चा फवारा सोयीचा पडतो. निव्वळ लोहाच्या दुखण्यावर ते अपुरं आहे.

ईडीडीएचए परवडत नसेल तर जुनी रीत करा: १ किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि १०० ग्रॅम हिराकस मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत दहा-पंधरा दिवस मुरवा. मग आळ्यात चार-पाच ठिकाणी खड्डे करून त्यात मूठभर-मूठभर दाबा. मातीत पसरून मिसळू नका. मिसळलं की चुना त्याला गाठतो. गठ्ठ्यात राहिलं तर मुळं तिथं येऊन खातात.

गंधक घालून माती आंबट का होत नाही

हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम चुना मारायला ३२ ग्रॅम गंधक लागतं. मोठ्या कुंडीत १० किलो माती आणि तिच्यात ८ टक्के चुना धरला तर ८०० ग्रॅम चुना झाला, म्हणजे सुमारे २५६ ग्रॅम गंधक. एवढं गंधक एका कुंडीत घातलं तर झाड जाईल. आणि बोअरचं पाणी रोज नवा चुना आणतच असतं. माती बदलण्याचा हट्ट सोडून पाणी सुधारायचं आणि कुंडीतलं मिश्रण पालटायचं, हाच मार्ग.

पाणी सुधारण्यासाठी १० लिटरच्या बादलीत २ ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ढवळा, पाच मिनिटांनी पीएच पट्टी बुडवा. ६ ते ६.५ यायला हवं. आलं नाही तर अर्धा-अर्धा ग्रॅम वाढवा. भांड्याला जाड थर धरणाऱ्या पाण्याला साधारण ३ ते ४ ग्रॅम लागतात, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा. एकदा प्रमाण सापडलं की रोज पट्टी नको, पण उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेल्यावर एकदा परत तपासा. मातीतले जिवाणू लिंबूसत्त्व खाऊन टाकतात आणि परिणाम ओसरतो, म्हणून हे आठवड्यातून दोन-तीनदा तरी चालू ठेवावं लागतं. हे पाणी फक्त चुना न सोसणाऱ्या झाडांना द्या, सगळ्या गच्चीला नाही.

साठलेले क्षार धुऊन काढायला कुंडीच्या मातीएवढं पाणी, १२ इंची कुंडीला १२ लिटरच्या आसपास, तासाभरात थोडंथोडं करून ओतायचं आणि खालून वाहू द्यायचं. नळाला पाणी येईल त्या दिवशी हे करा. पाण्याची ओढ असेल तेव्हा वरचा इंचभर पांढरट थर खरवडून काढा आणि तिथं गांडूळखत भरा. पाणी उडताना क्षार वरच येऊन बसतात, त्यामुळे खरवडल्यानेही बराच भार उतरतो. नंतर उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला दोन इंच पसरा. क्षार वर ओढले जाण्याचा वेग त्याने निम्म्यावर येईल असं नाही, पण रोजचं पाणी नक्की वाचतं.

कुंडीतली माती

नुसत्या काळ्या मातीत कुंडी भरणं बंद करा. ती वाळली की आक्रसते, कडेने फट पडते, पाणी फटीतून खाली जातं आणि गोळा कोरडाच राहतो. तीन भाग तांबडी माती, तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तीन भाग धुतलेला कोकोपीट, एक भाग भाताचं तूस. तांबड्या मातीलाही व्हिनेगर लावून पाहा, फेस येणारी नको. कोकोपीट दोनदा भिजवून पिळा, त्यातही मीठ असतं.

रोपवाटिकेतली बरीच रोपं आंध्र प्रदेशातल्या कडियमकडून किंवा पुण्याच्या बाजूने तांबड्या मातीच्या गोळ्यात येतात. म्हणूनच नवं रोप पहिलं वर्ष छान राहतं. मुळं गोळ्याबाहेर काळ्या मातीत गेली की पिवळं पडतं आणि दोष रोपवाटिकेला दिला जातो.

अंगणात खड्डा खणताना फूट-दीड फुटावर पांढरट मुरूम किंवा चुनखडीचे खडे लागले तर ते बाहेर फेका, भरताना परत टाकू नका. दोन फूट रुंद खड्ड्याला वरचं मिश्रण भरलं तर लिंबाला चार-पाच वर्षं निभावतं.

तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर

आधी नवं पान पाहा. जुनं पांढरं पडलेलं पान फार सुधारत नाही, ते मोजू नका. नवंही पिवळंच येत असेल तर झाड कुंडीतून अलगद काढून मुळं बघा. पांढरी, टणक मुळं हवीत. तपकिरी, ओढल्यावर साल निघणारी, वास येणारी असतील तर मूळकुज आहे. कुजका भाग कापा, नव्या मिश्रणात लावा, फांद्या एक तृतीयांश छाटा आणि पंधरा दिवस सावलीत ठेवा. मुळांनी गच्च गोळा केला असेल तर दोन इंच मोठी कुंडी द्या. कुंडी काळ्या प्लॅस्टिकची आणि पश्चिमेच्या उन्हात असेल तर दुपारी मुळं तापून काम थांबवतात. विटांवर उचलून ठेवा आणि मार्चच्या मध्यापासून ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा.

कोणती झाडं लावावीत

अनंत, इक्झोरा, जास्वंद, गुलाब, लिंबू आणि कढीपत्ता ही झाडं चुन्याला आधी बळी पडतात. मोगरा त्यांच्या मानाने सोशिक, पण बोअरच्या पाण्यावर तोही पिवळा होतो आणि कळ्या बारीक धरतो. कण्हेर, बोगनवेल, सदाफुली, अडेनियम, सीताफळ, शेवगा आणि अर्थातच डाळिंब या मातीत रमतात. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे ते उगाच नाही.

रोप विकत घेण्याआधी मार्चमध्ये एका सकाळी भुईकोट किल्ल्यालगतच्या हुतात्मा बागेत किंवा विजापूर रोडच्या स्मृती उद्यानात फेरी मारा आणि फुलांकडे न बघता शेंड्यांकडे बघा. ज्या झाडाची नवी पानं तिथं हिरवी आहेत ते तुमच्या अंगणातही टिकायची शक्यता मोठी. जे तिथंही जाळीदार पिवळं दिसतं त्याला घरी ईडीडीएचए आणि लिंबूसत्त्वाचा खर्च दरवर्षी धरूनच चला. ज्यांना रोज बादली मोजून पाणी घालणं जमणार नाही त्यांनी अनंत आणि इक्झोरा एकेकच लावावा, तोही पावसाचं किंवा एसीचं पाणी पोचेल अशा जागी.

पुढच्या वर्षीची तयारी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करा, पालवी फुटण्याआधी. वरचा थर खरवडणं, एक धुणं, मग ईडीडीएचएचा पहिला डोस.